बोलणारं इंजिन

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी विचारायला नको की बाई, तुम्ही एवढ्या कडाडलात कशाला. रेवसच्या रस्त्याला माझं होड्यांच्या इंजिनांचं वर्कशॉप आहे. वडिलांचं होतं, त्यांच्यामागे मी चालवते. दिवसभर तांडेल लोकांशी हुज्जत घालून आवाज चढलेलाच असतो आणि घरी आल्यावर तो उतरवायचा माझ्या लक्षात राहत नाही. इंजिनाच्या बाबतीत तर मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. बिघडलेली होडी धक्क्याला लागली की तांडेल आधी मला हाक मारतो, मग घरी फोन करतो.

नवरा जेट्टीवर लाँचच्या तिकिटांच्या खिडकीत बसतो. माणूस शांत. मी दहा वाक्यं बोलते तेव्हा त्यांचं एक होतं, आणि तेही बहुतेक "बरं" एवढंच. त्यांना वेड एकाच गोष्टीचं, रिमोटवर उडणाऱ्या विमानांचं. पोरांची खेळणी नव्हेत ती. साडेपाच फूट पंखांची, हलक्या लाकडाची, महिनोन्‌महिने खपून बनवलेली, आकाशात कोलांट्या खाणारी विमानं. वर्कशॉपच्या माळ्यावर त्यांचं दुकान मांडलेलं असतं आणि तिथून डिंकाचा वास खाली माझ्या डिझेलच्या वासात उतरतो.

गेल्या वर्षी त्यांना काचबिंदू निघाला. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ सांगितलं, दोन्ही डोळ्यांची बाजूची नजर गेलीय, ती परत येणार नाही, उरलीय ती थेंब घालून जेवढी टिकेल तेवढी टिकेल. समोरचं दिसतं, पण पाइपातून बघितल्यासारखं. आम्ही दवाखान्यातून बाहेर आलो. मी डॉक्टरला शिव्या घालत होते, नशिबाला घालत होते, रस्त्यात आडव्या लावलेल्या रिक्षाला घालत होते. हे माझ्या शेजारून चालत राहिले. मग म्हणाले, "माळ्यावरचं विमान पुरं करतो. या हिवाळ्यात एकदा पाची कसरती एका दमात करायच्या. मग रिमोट ठेवून देईन."

पाच कसरती म्हणजे काय, ते मला बारा वर्षं ऐकून पाठ आहे. उभं वर्तुळ, आडवी गिरकी, उलटं उडणं, आडवा आठ आणि शेवटची सगळ्यात अवघड. विमान नाक सरळ आभाळाकडे करून वर जातं, जागच्या जागी थांबतं, एका पंखावर वळतं आणि त्याच वाटेने सरळ खाली येतं. यांना चार जमायच्या. पाचवीच्या वेळेस कधी वारा आडवा यायचा, कधी हात चुकायचा. त्या विमानाला दोन वर्षं लागली होती. ते मोडलं असतं तर दुसरं बनवायला डोळे थांबणार नव्हते. आम्हा दोघांनाही हे ठाऊक होतं, म्हणून कुणी ते तोंडाने बोलत नव्हतं.

विमान तयार झालं. वरून नारिंगी, खालून काळं, म्हणजे लांबून उलटसुलट ओळखू यावं. राहिलं होतं इंजिन. आणि तिथूनच भांडणाला तोंड फुटलं.

यांचा एक दोस्त आहे, एका बाकावर शिकलेला. एकोणीस वर्षं दुबईला काढून परत आला, आता खजूर आणि सुट्ट्या भागांचा व्यापार करतो. तोही विमानंवालाच. तिकडून येताना लोक सोनं आणतात, याने कपाटभर इंजिनं आणली. त्यातलं हवं ते घे, असं त्याने यांना सांगून ठेवलं होतं. तरी त्या दिवशी वर्कशॉपमध्ये येऊन बसला तो भलतंच घेऊन.

"भाबी, याला समजवा," तो म्हणाला. "आता जमाना इलेक्ट्रिकचा आहे. बॅटरी लावा, उडवा, घरी जा. ना तेल, ना धूर. हवेत बंद पडायची धास्ती नाही. याच्या डोळ्यांची ही हालत. उद्या इंजिन वरच्या वर बंद पडलं तर काय करणार हा?"

माझ्या पोटापाण्याचा धंदा इंजिनांचा, पण मला त्याचं पटलं. विद्युत मोटर म्हणजे बटण दाबलं की फिरते. "बरोबर बोलतायत ते," मी म्हणाले. "मोटरच बसवा."

"मला इंजिन पाहिजे," नवरा म्हणाला.

"का पण?"

"आवाज पाहिजे."

माझ्या डोक्यात सणक गेली. "आवाज? वरात काढायचीय का विमानाची? दोन वर्षांची मेहनत तुम्ही आवाजासाठी पणाला लावणार?"

ते पंखावरचा नसलेला डाग बोटाने पुसत राहिले. दोस्त एकदम गप्प झाला, आणि तो गप्प झाला तेव्हाच मला काहीतरी शिजतंय असा वास आला. मी दोघांनाही उभं-आडवं घेतलं. तेव्हा कुठे नवरा बोलला. महिन्यापूर्वी दोस्ताचं इलेक्ट्रिक विमान उडवत असताना त्यांची पापणी लवली, आणि पुन्हा बघतात तो विमान नाही. पाइपातून बघणारा माणूस एवढ्या आभाळात शोधणार कुठे? कानावर काही येईना, नुसती वाऱ्याची सळसळ. त्यांनी रिमोट दोस्ताच्या हातात कोंबला आणि खाली बसले.

"इंजिन असतं तर आवाजाच्या रोखाने मान वळवली असती," ते म्हणाले. "मोटर मुकी असते गं. मला बोलणारं इंजिन पाहिजे."

"आणि हे मला आज कळतंय?" मी हातातला पाना भिरकावला. तो पत्र्यावर आपटून खणखणला, शेजारचा कुत्रा भुंकत सुटला. मग मला रडू आलं. राग आणि रडू एकाच मिनिटात, माझं असंच असतं. यांच्या डोळ्यांचं एवढं झालंय हे माझ्या आधी दोस्ताला माहीत असावं, याचंच मला जास्त लागलं. दोस्त खाली मान घालून फडक्याने स्वच्छ हात पुसत होता.

डोळे पुसून मी म्हणाले, "आणा ती सगळी इंजिनं. बोलणारं कुठलं ते आता बघूच."

कपाटातली तीन या विमानाला चालण्यासारखी होती. एक टू-स्ट्रोक, एक फोर-स्ट्रोक, एक छोटं पेट्रोलचं. पहिली दोन स्पिरिटसारख्या इंधनावर चालतात, त्यात एरंडेल घातलेलं असतं, त्यामुळे धुराला लहानपणी पोट साफ करायला पाजायचे तो वास येतो. वर्कशॉपमागे आमचं खाजण आहे, उघडं, सपाट. होड्यांची इंजिनं धक्क्यावर न्यायची हातगाडी मी बाहेर काढली, तिला जाड फळी बोल्टने आवळली आणि फळीवर इंजिन बसवलं. नवऱ्याला शंभर पावलं लांब, आमच्याकडे पाठ करून उभं केलं. रेस वाढवली की त्यांनी हात वर करायचा, कमी केली की खाली. मग मी गाडी ढकलत त्यांच्याभोवती फिरणार आणि इंजिन जिथे असेल तिथे त्यांनी बोट दाखवायचं. असली परीक्षा कुठल्या पुस्तकात नसेल. आमच्याकडे मात्र तांडेल खोलीत पडल्या पडल्या सांगतो की अमक्याची होडी खाडीत शिरली आणि तिचा पंखा वाकलाय. कानाने इंजिन ओळखणं आमच्या पाण्यातच आहे.

टू-स्ट्रोक पहिलं लावलं. कानठळ्या बसवणारी किंचाळी नुसती. अर्धी रेस आणि पूर्ण रेस यांतला फरक त्यांना कळेना, दोनदा हात उगाच वर गेला. पेट्रोलचं लावलं तर धडधड एवढी की फळीचे बोल्ट सुटायला लागले. जागाही चुकली, मी डावीकडे असताना ते समोर बोट दाखवत होते. दोस्त म्हणाला, "तसंही हे जड आहे. विमानाचं नाक खाली ओढेल." दोन गेली होती, एकच उरलं होतं. त्यातही ते चुकले असते तर विमान माळ्यावरच राहणार होतं, कारण मोटर लावून उडवायचं नाही असं ते म्हणाले होते आणि त्या "नाही"ला मी सव्वीस वर्षं ओळखते.

फोर-स्ट्रोक चालू झालं. आवाज खर्जातला, सुटा सुटा, भार पडला की घोगरा होणारा. दोस्ताने रेस जरा वाढवली, हात वर. नखभर कमी केली, हात खाली. मी गाडी ढकलायला लागले. चिखलात पाय रुतत होते, साडी कासोट्यासारखी खोचलेली, एका हाताने फळी दाबून धरलेली. उजवीकडे गेले, बोट उजवीकडे. पाठीमागे गेले, बोट खांद्यावरून पाठीमागे. मी मुद्दाम गर्रकन गाडी वळवली, तर बोट माझ्यामागे फिरतच आलं. शेवटी दम लागून थांबले. ते वळून आमच्याकडे यायला लागले तेव्हा हसत होते. तो चेहरा मी वर्षभर बघितला नव्हता.

"नाजूक असतं हे, भाबी," दोस्त म्हणाला. "आत व्हॉल्व्ह, बारीकसारीक कामं. बिघडलं तर?"

"बिघडलं तर मी मेले नाहीये," मी म्हणाले. "इंजिन माझं, उडवणं यांचं."

इंजिन विमानात बसवलं. दोन-तीन साध्या फेऱ्या मारून झाल्या. या इंजिनांना एक सुई असते, कार्बोरेटरला लावलेली, स्क्रूसारखी फिरणारी. ती आवळली की इंधन कमी जातं, सैल केली की जास्त. टिकटिक करत एकेक खाच फिरते. दोस्ताने ती लावून दिली आणि जाताना म्हणाला, "आता सुईला हात लावू नका हं, भाबी." कुठे एक शब्द बोलू नये हे या माणसाला कळत नाही. माझ्याच वर्कशॉपमध्ये उभं राहून मला सांगतो!

मोठ्या दिवसाची जागा ठरली ती पडीक मिठागराची. खारपट्टीत शेताएवढी सपाट, टणक जमीन, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला चालू मिठागरांकडे जाणारा बांध. राखणदार आगरी म्हातारा ओळखीचा. माझी एकच अट होती, मिठागरावर माणसं यायच्या आत उडवायचं. विमानाखाली माणूस नको. म्हातारा म्हणाला, "मी ऱ्हातू की बांधावं उभा. कोन येनार न्हाय, तू जीव नको खाऊस, ताय." खाडीच्या बाजूला मासे धरायला पायजाळी घेऊन लोक येतात, तिकडे दोस्ताने उभं राहायचं ठरलं. त्याच्या मनात मात्र वेगळंच होतं. त्याला दोन रिमोट एकमेकांना जोडायचे होते. काही गडबड झाली की तो आपल्या रिमोटवरून विमान सांभाळणार.

"नको," नवरा म्हणाला. "मग उडवलं कुणी म्हणायचं? आणि तू शेजारी असलास की तुझे हात शिवशिवतात. तू तिकडेच जा."

मी म्हणू शकले असते की जोडा. बोलले नाही. सगळीकडे तोंड घालणारी मी, नेमकी तिथे गप्प बसले.

सकाळी उजाडल्या उजाडल्या पोहोचलो. हवेत गारवा होता, मतलई वारा अंगावर येत होता. हा वारा सकाळी जमिनीकडून खाडीकडे वाहतो. भरती होती, खाडी काठोकाठ. दोस्त एका बाजूला गेला, म्हातारा दुसऱ्या. मी इंजिन चालू केलं. गार हवेत ते जरा जड बोलत होतं, मागून पांढरा धूर जास्त येत होता. आमच्या धंद्याची एक रीत आहे. होडीचं बाहेरच्या बाजूचं पेट्रोल इंजिन लावताना पूर्ण रेस द्यायची आणि स्क्रू आवळत आवळत जायचं. आवाज भरून आला, इंजिन गायला लागलं, की हात काढायचा. माझ्या वडिलांनी असंच केलं, मीही जन्मभर असंच केलंय. माझा हात आपसूक सुईकडे गेला. एक टिक, दोन टिक. धूर गेला, आवाज मोकळा झाला. मला बरं वाटलं.

नवऱ्याने मान तिरकी केली. तोंड उघडलं.

"काय?" मी खेकसले. इंजिनाच्या आवाजात खेकसावंच लागतं, पण खरं सांगायचं तर तेवढ्यासाठी नव्हतं ते.

"काही नाही," ते म्हणाले. "आता तू बोलू नकोस. मला ऐकायचंय."

विमान धावलं आणि वर गेलं. मी त्यांच्या शेजारी उभी, दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळलेले. पहिलं वर्तुळ गोल झालं. गिरकीही झाली. उलटं करताना विमान उजळत्या पूर्वेच्या झगमगाटात गेलं आणि त्यांची मान जागच्या जागी अडकली. नजर भलत्याच ठिकाणी. माझ्या ओठांवर शब्द आले, मी ते गिळले. त्यांनी डोळे मिटले, खरंच मिटले, मान आवाजाच्या रोखाने दोन बोटं वळवली, उघडले. सापडलं. मग आडवा आठ, दोन्ही बाजू सारख्या. चार झाल्या.

"आता," ते स्वतःशीच म्हणाले.

विमान लांबून सरळ आमच्यासमोर आलं आणि नाक उचलून उभं वर निघालं. वर, आणखी वर. आवाज आधी बारीक झाला. मग चिरकला. मला कळायच्या आत त्यात एक आचका आला, आणि नंतर काहीच आलं नाही. एवढं मोठं आभाळ, आणि त्यात टाचणी पडल्याएवढाही आवाज नाही.

त्याच क्षणी मला समजलं मी काय करून बसलेय. होडी कधी नाक वर करून आभाळात चढत नाही. तिची टाकी आणि कार्बोरेटर जन्मभर एका पातळीत. विमान उभं चढलं की टाकी खाली राहते, इंधन वर खेचावं लागतं, कमी येतं. म्हणून सुई जरा सैल ठेवायची असते, तो पांढरा धूर त्यासाठीच असतो. त्या दोन टिका दोस्ताने इंजिनाला श्वास म्हणून ठेवल्या होत्या आणि मी त्या काढून घेतल्या होत्या.

"कुठे?" नवरा म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "कुठेय ते? बोल."

आयुष्यभर जे तोंड बंद झालं नाही ते तेव्हा उघडेना. दोस्त तिकडून हातवारे करत पळत सुटला होता, पण तो दोनशे पावलं लांब, मध्ये चिखल. विमान वरच्या वर डगमगलं, नाक खाली पडलं आणि वाऱ्यावर खाडीकडे सरकायला लागलं.

"खाडीकडे चाललंय," मी कशीबशी म्हणाले. "नाक खाली आहे. उजवीकडे घ्या. उजवीकडे!"

त्यांनी रिमोटची काठी दाबली. विमान आणखीच पाण्याकडे वळलं.

"माझ्या, माझ्या उजवीकडे! विमानाच्या नाही!"

"म्हणजे ते आपल्याकडे तोंड करून येतंय," ते म्हणाले, आणि अंगठा उलटा गेला. "आता?"

"वळतंय. वळतंय. अजून. अजून. बास! सरळ."

"उंची?"

"दोन माड. नाही, दीड. खाली पाणी आहे अहो, पाणीच आहे!"

त्यांनी गाल वाऱ्याकडे केला, क्षणभर थांबले, नाक जरासं खाली दाबलं. मला वाटलं बुडवलं यांनी. पण विमानाने त्यातून वेग घेतला आणि वाऱ्याला कापत पाण्यावरून काठाकडे आलं. मी ओरडत होते, काय ओरडत होते ते माझं मला आठवत नाही. एक माड. पुरुषभर. "काठ आला! आता उचला, जरासं उचला!" त्यांनी उचललं. काठाच्या चिखलात ते पोटावर घसरलं, एकदा भोवऱ्यासारखं फिरलं आणि थांबलं. पाण्यापासून ते चार पावलांवर होतं.

बांधावरून म्हातारा ओरडला, "वाचला रं, वाचला!"

आम्ही तिघे चिखलात गुडघाभर शिरून तिथे पोहोचलो. मी नवऱ्याचा दंड धरून नेलं, त्यांना खालचे खड्डे दिसत नव्हते. एक चाक तुटलं होतं, पंख्याचं टोक गेलं होतं. बाकी सगळं शाबूत, आठवड्यात पुन्हा उडण्यासारखं. दोस्त धापा टाकत वाकला, त्याने सुईला बोट लावलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. तो काही बोलणार तेवढ्यात नवराच बोलला. ते विमानाशी उकिडवे बसले होते, पंखावरून हात फिरवत.

"मला जमिनीवरच तो आवाज पातळ वाटला होता," ते म्हणाले.

"मग बोललात का नाही?" माझा आवाज चढला. तशा वेळीसुद्धा चढला.

"तू लावलं होतंस ना. इंजिनात तू कधी चुकत नाहीस." त्यांचा पंखावरचा हात थांबला. "मला वाटलं, डोळ्यांच्या पाठोपाठ आता माझे कानही चालले."

विमान वर चढत होतं, चार कसरती बिनचूक होत होत्या, त्या सगळ्या वेळात हा माणूस मनात हे घेऊन उभा होता. आणि का, तर मी "काय?" म्हणून खेकसले. मी तिथेच चिखलात बसले. दोस्त उभा होता, म्हातारा येऊन ठेपला होता, येऊ देत म्हटलं.

"तुम्ही बरोबर होतात," मी म्हणाले. "आवाज पातळच होता. सुई मी आवळली. दोन टिका. तुमच्या दोस्ताने बजावलं होतं तरी आवळली. चूक माझी आहे."

दोस्ताने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अरबीत बोलले. नवऱ्याने मात्र बघितलं नाही. ते कान माझ्या बाजूला करून बसले होते.

"परत सांग," ते म्हणाले.

"सांगितलं ना, चूक माझी."

"ते नाही गं. कानांचं सांग."

मी त्यांचा चिखलाने भरलेला हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. "तुमचे कान शाबूत आहेत," मी म्हणाले. मग आणखी एकदा म्हणाले, मोठ्याने, नेहमीच्या माझ्या आवाजात, "अहो, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत!" त्यांनी मान डोलावली, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.